अलायन्स एक, खाती अनेक: घरासाठी माइल्सचं कोणतं खातं निवडावं?

रियाधहून सुट्टीवर येणारा मुलगा, उमऱ्याला निघालेले आई-वडील, लंडनला शिकणारी मुलगी, मस्कतला संसार थाटलेली बहीण. आपल्या अनेक घरांतून वर्षाला दोन-चार तरी परदेशी तिकिटं निघतात. या तिकिटांवर माइल्स किंवा पॉइंट मिळतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं. विमानात बसताना एखादा फॉर्म भरलेला असतो, एखाद्या कंपनीचा ईमेलही येत असतो. पण तीन वर्षांनी खातं उघडून पाहावं तर मुदत संपलेली असते. किंवा अब्बांचे थोडे, अम्मींचे थोडे, मुलाचे थोडे असे पॉइंट पाच कंपन्यांत विखुरलेले असतात आणि कुठल्याच खात्यातून एक तिकीटही निघत नाही.

याचं मुख्य कारण एकच. ज्या कंपनीचं तिकीट काढलं तिचंच खातं आपण उघडतो. खरं तर विमान एका कंपनीचं आणि माइल्सचं खातं दुसऱ्या कंपनीचं, असं करता येतं. दोन्ही कंपन्या एकाच अलायन्समध्ये असल्या की झालं. ही सोय कशी वापरायची आणि घराच्या गरजेप्रमाणे खातं कसं निवडायचं, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

अलायन्स म्हणजे काय?

अलायन्स म्हणजे विमान कंपन्यांची आघाडी. जगात अशा तीन मोठ्या आघाड्या आहेत. स्टार अलायन्स १९९७ साली सुरू झाली, वनवर्ल्ड १९९९ मध्ये आणि स्कायटीम २००० मध्ये. आघाडीतल्या कंपन्या एकमेकींच्या प्रवाशांना माइल्स देतात, एकमेकींच्या विमानांत बक्षीस तिकिटं देतात आणि वरच्या दर्जाच्या सदस्यांना लाउंज, जादा सामान, वेगळी रांग अशा सोयी देतात.

उदाहरण घेऊ. तुम्ही मुंबईहून जेद्दाला सौदियाने गेलात. सौदिया स्कायटीममध्ये आहे. त्या प्रवासाचे माइल्स सौदियाच्या अल्फुरसान खात्यात घेता येतात. पण एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू, डेल्टाच्या स्कायमाइल्स किंवा व्हर्जिन अटलांटिकच्या फ्लाइंग क्लब खात्यातही घेता येतात. तिकीट तेच, सीट तीच. फक्त बुकिंगच्या वेळी किंवा चेक-इनला सदस्य क्रमांक कोणता द्यायचा, एवढाच फरक.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जमा होतात, दोन ठिकाणी नाही. आणि एकदा जमा झालेले माइल्स एका कंपनीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात हलवता येत नाहीत, कंपन्या एकाच अलायन्समध्ये असल्या तरी. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या कामाचा एक पुढे येईलच. म्हणून निवड आधी करायची असते. नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

आपल्या वाटेवरच्या कंपन्या कुठे आहेत?

स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया आहे, ११ जुलै २०१४ पासून. त्याच आघाडीत टर्किश एअरलाइन्स, सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा, इजिप्तएअर, इथिओपियन, युनायटेड आणि एअर कॅनडा आहेत. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंटही एअर इंडियाच्या कार्यक्रमात आले. हा कार्यक्रम पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स होता, आता त्याचं नाव महाराजा क्लब आहे.

वनवर्ल्डमध्ये कतार एअरवेज २०१३ पासून आहे. ब्रिटिश एअरवेज, रॉयल जॉर्डेनियन, मलेशिया एअरलाइन्स, श्रीलंकन एअरलाइन्स याही तिथेच. ओमान एअर २०२५ मध्ये वनवर्ल्डमध्ये आली, त्यामुळे मस्कतच्या आपल्या लोकांसाठी हा दरवाजा नवीनच उघडला आहे.

स्कायटीममध्ये सौदिया २०१२ पासून आहे. सोबत एअर फ्रान्स, केएलएम, डेल्टा, केनिया एअरवेज, गरुडा इंडोनेशिया आणि २०२३ पासून व्हर्जिन अटलांटिक.

आता कोण कुठेच नाही तेही पाहू, कारण आपली बरीच तिकिटं यांचीच असतात. एमिरेट्स, एतिहाद, कुवेत एअरवेज, गल्फ एअर, फ्लायदुबई, एअर अरेबिया, इंडिगो, अकासा आणि एअर इंडिया एक्सप्रेस या तीनपैकी एकाही आघाडीत नाहीत. एअर इंडिया एक्सप्रेस ही एअर इंडियाचीच भगिनी कंपनी, तरीही स्टार अलायन्सच्या सोयी तिच्या विमानात लागू होत नाहीत. नावावरून अनेकांची इथे फसगत होते.

या कंपन्यांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. एमिरेट्सचं स्कायवर्ड्स खातं फ्लायदुबईवरही चालतं. काही ठिकाणी आघाडीबाहेरचे स्वतंत्र करारही असतात. जसं, एअर कॅनडाच्या एरोप्लॅन खात्यात एमिरेट्सच्या प्रवासाचे पॉइंटही घेता येतात. ज्यांचं घर दुबई आणि टोरांटो अशा दोन्हीकडे विभागलेलं आहे, त्यांना हे उपयोगी पडू शकतं.

माइल्स वेगळे, दर्जा वेगळा

प्रत्येक कार्यक्रमात दोन हिशेब चालतात आणि त्यांची गल्लत होते. पहिला हिशेब खर्च करायच्या माइल्सचा. यातून तिकीट किंवा वरचा क्लास मिळतो. दुसरा हिशेब दर्जाचा, म्हणजे सिल्व्हर, गोल्ड वगैरे. हा एका ठराविक काळात किती उडालात यावर ठरतो आणि मुदत संपली की पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

दर्जाचे फायदे मोठे आहेत. स्टार अलायन्सचा गोल्ड सदस्य असेल तर किलोच्या हिशेबात २० किलो जादा सामान किंवा नगांच्या हिशेबात एक जादा बॅग मिळते. शिवाय लाउंजमध्ये स्वतःसोबत एक पाहुणा नेता येतो. स्कायटीमच्या एलिट प्लस दर्जालाही अशाच सोयी आहेत. वनवर्ल्डमध्ये सफायर आणि एमराल्ड हे वरचे दर्जे. गावी येताना खजूर, ब्लँकेट, अत्तरं, चॉकलेटं, शेजारपाजाऱ्यांच्या फर्माइशी हे सगळं कोंबणाऱ्या माणसाला २० किलोचं मोल सांगायला नको.

प्रत्येक कंपनीचा दर्जा अलायन्सच्या दर्जाला जोडलेला असतो. एअर इंडियाचा गोल्ड किंवा टर्किशचा एलिट असेल तर तो स्टार गोल्ड. कतारचा सिल्व्हर म्हणजे वनवर्ल्डचा रुबी, गोल्ड म्हणजे सफायर. सौदियाचा गोल्ड म्हणजे स्कायटीमचा एलिट प्लस. म्हणजे कार्डावरचा शब्द महत्त्वाचा नाही, अलायन्समध्ये तो कशाला जोडलाय ते महत्त्वाचं.

पण दर्जा आपल्याला झेपणार आहे का, हे आधी पाहा. मुंबई ते रियाध अंतर साधारण १,७०० मैल. वर्षाला एक जाऊन-येऊन प्रवास धरला तर ३,४०० मैल. एखाद्या कार्यक्रमात पहिल्या दर्जासाठी वर्षात २५,००० मैल लागतात असं धरा. पूर्ण माइल्स देणारं तिकीट असलं तरी वर्षात सात-आठ फेऱ्या लागतील. कंपनीच्या कामाने दर महिन्याला उडणारा इंजिनियर ते गाठू शकेल. वर्षातून एकदा सुट्टीवर येणारा माणूस गाठू शकणार नाही. त्याने दर्जाचा नाद सोडावा आणि फक्त माइल्स टिकतील कुठे, जमतील कसे, एवढंच बघावं.

निवडताना पाच प्रश्न

पहिला प्रश्न: माइल्सची मुदत किती? वर्षा-दोन वर्षांनी एकदा उडणाऱ्या घरासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न. याचे तीन प्रकार आहेत. काही कार्यक्रमांत माइल्स संपतच नाहीत, जसं स्टार अलायन्समध्ये युनायटेडचा माइलेजप्लस, स्कायटीममध्ये डेल्टाचा स्कायमाइल्स आणि व्हर्जिनचा फ्लाइंग क्लब. काही ठिकाणी खात्यात हालचाल असेपर्यंत माइल्स जिवंत राहतात, जसं कतारचे एव्हिओस ३६ महिने आणि एरोप्लॅनचे पॉइंट १८ महिने. या काळात थोडे जरी पॉइंट मिळवले किंवा वापरले तरी घड्याळ पुन्हा सुरू होतं. तिसऱ्या प्रकारात हालचाल असो वा नसो, ठराविक काळाने माइल्स जातात. सिंगापूरचा क्रिसफ्लायर आणि टर्किशचा माइल्स अँड स्माइल्स या प्रकारातले, सुमारे तीन वर्षांचे. जो भरपूर उडतो आणि लगेच वापरतो त्याला हा तिसरा प्रकार चालेल. हळूहळू साठवणाऱ्याला तो महागात पडतो.

दुसरा प्रश्न: माझ्या स्वस्त तिकिटावर या खात्यात किती माइल्स मिळतात? तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, त्याला बुकिंग क्लास म्हणतात. इकॉनॉमीतच अशी डझनभर अक्षरं असतात. महागड्या अक्षराला अंतराच्या १०० टक्के माइल्स मिळतील, स्वस्त अक्षराला ५० किंवा २५ टक्के, आणि काहींना शून्य. गंमत अशी की त्याच अक्षराला एका कार्यक्रमात शून्य आणि त्याच अलायन्समधल्या दुसऱ्या कार्यक्रमात ५० टक्के असू शकतात. मुंबई–जेद्दा–मुंबई प्रवास साधारण ४,४०० मैलांचा. १०० टक्क्यांनी ४,४००, २५ टक्क्यांनी फक्त १,१००. प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर भागीदार कंपन्यांचा तक्ता असतो. आपलं अक्षर त्यात शोधायला पाच मिनिटं लागतात, तेवढी द्या.

इथे आणखी एक गोष्ट. अनेक कंपन्या स्वतःच्या विमानावर आता अंतराऐवजी खर्च केलेल्या पैशांवर पॉइंट देतात. एअर इंडियाने २०२४ मध्ये हीच पद्धत आणली. स्वस्त तिकीट काढणाऱ्याला अशा पद्धतीत कमी मिळतं. त्याच प्रवासाचे माइल्स भागीदार कंपनीच्या खात्यात अंतरावर मिळत असतील तर कधीकधी ते जास्त भरतात.

तिसरा प्रश्न: माइल्स खर्च करताना रोख किती भरावी लागते? बक्षीस तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे कर तर भरावेच लागतात, पण काही कार्यक्रम त्यावर कंपनीचा सरचार्जही लावतात आणि तो कर जोडून हजारोंच्या घरात जातो. युनायटेड आणि एअर कॅनडाचे कार्यक्रम बक्षीस तिकिटावर असा इंधन सरचार्ज घेत नाहीत. खातं उघडण्याआधी एखाद्या तारखेचं बक्षीस तिकीट शोधून बघा. किती माइल्स आणि किती रुपये, दोन्ही आकडे समोर येतात.

चौथा प्रश्न: घरातल्या सगळ्यांचे माइल्स एकत्र करता येतात का? एका माणसाचे माइल्स थोडे असतात, पण पाच जणांचे मिळून तिकीट निघतं. एरोप्लॅनमध्ये आठ जणांपर्यंत कुटुंबाला विनाशुल्क एकत्र येता येतं. ब्रिटिश एअरवेजच्या घरगुती खात्यात सात जण बसतात. अलायन्सबाहेर एमिरेट्समध्येही कुटुंबाचं खातं करता येतं. जिथे ही सोय नाही तिथेही बहुतेक वेळा स्वतःच्या माइल्सवर दुसऱ्याचं तिकीट काढता येतं, पण नियम पाहा. क्रिसफ्लायरमध्ये आधी पाच जणांची नावं नोंदवावी लागतात आणि तिकीट त्यांनाच मिळतं.

पाचवा प्रश्न: दर्जा हवा असेल तर त्यासाठी त्या कंपनीच्या स्वतःच्या विमानात बसावं लागतं का? काही कार्यक्रमांत अशी अट असते. युनायटेडमध्ये दर्जासाठी वर्षात निदान चार उड्डाणं युनायटेडचीच लागतात. म्हणजे आखातातल्या माणसाला युनायटेडचं खातं माइल्स साठवायला उत्तम, दर्जासाठी निरुपयोगी.

चार घरं, चार उत्तरं

हे सगळं प्रत्यक्षात कसं लागू होतं ते चार नमुन्यांवरून पाहू.

पहिलं घर सौदीतलं. नवरा, बायको, तीन मुलं, दरवर्षी सौदियाने एकदा मुंबई. दोन वर्षांवरच्या मुलांचं स्वतंत्र तिकीट असतं, त्यामुळे बहुतेक कार्यक्रमांत त्यांच्या नावेही माइल्स मिळतात. रियाधच्या हिशेबाने पाच जणांचे वर्षाला १७,००० मैल होतात. ५० टक्के मिळाले तरी ८,५००. दर्जा कोणालाच मिळणार नाही. सौदियावरच पुढची तिकिटं काढायची असतील आणि दर एक-दोन वर्षांनी माइल्स वापरायचे असतील तर अल्फुरसान सोयीचं. साठवत राहायचं असेल आणि कधीतरी लंडन-अमेरिकेचा विचार असेल तर मुदत न संपणारं स्कायटीमचं दुसरं खातं पाहावं. काहीही निवडा, पण पाचही जणांचं खातं एकाच कार्यक्रमात असू द्या.

दुसरं घर कतारचं, आणि मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. इथे उत्तर सोपं आहे. कतार एअरवेजने २०२२ मध्ये एव्हिओस हे चलन घेतलं. ब्रिटिश एअरवेजचंही चलन तेच. म्हणून दोन्हीकडे स्वतःची खाती असली आणि ती जोडली की एव्हिओस एकास एक दराने इकडून तिकडे नेता येतात. वर म्हटलेला अपवाद हाच. वडिलांनी कतारच्या खात्यात घ्यावेत, मुलीने ब्रिटिशच्या. जो माणूस दोन्ही खाती ठेवतो तो सरचार्ज कुठे कमी आहे ते पाहून तिकीट काढू शकतो. मुंबई–दोहा–जेद्दा अशा उमऱ्याच्या वाटेवरही हे एव्हिओस चालतात.

तिसरं घर आयटीतलं. मुलगा कंपनीच्या कामाने फ्रँकफर्ट, सिंगापूर, न्यूयॉर्क करतो, तिकीट कंपनी काढते. याची उड्डाणं जास्त आणि तिकिटं महागड्या अक्षराची. याने दर्जाच्या मागे जरूर जावं. लुफ्थान्सा, सिंगापूर, एअर इंडिया सगळ्या स्टारमध्येच आहेत, म्हणून सगळे प्रवास एकाच खात्यात घ्यावेत. तीन खात्यांत वाटले तर तीन ठिकाणी अर्धवट राहील आणि गोल्ड कुठेच होणार नाही. महाराजा क्लब घ्यावा की माइल्स अँड स्माइल्स, हे त्याच्या नेहमीच्या वाटांवर कोणती कंपनी जास्त येते आणि दर्जाची अट कुठे लवकर पुरी होते यावर ठरेल.

चौथं घर रत्नागिरी किंवा औरंगाबादकडचं. आई-वडील आयुष्यात दोन-तीनदा उमऱ्याला जाणार, बाकी परदेश प्रवास नाही. यांच्यासाठी आमचा सल्ला: खातं फुकट असतं, उघडा, मुदत नसलेलं निवडा, आणि विसरून जा. पाच-सात वर्षांनी परदेशातला मुलगा त्यात भर घालू शकला तर उत्तम. माइल्ससाठी चार हजार रुपये महाग तिकीट घेणं या घराला परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही.

हज-उमऱ्याच्या तिकिटांचं गणित

हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांना विमान कंपनी निवडायची नसते. ती प्रस्थान केंद्राप्रमाणे ठरते आणि विमानं खास चार्टर असतात. चार्टरच्या तिकिटांवर सहसा माइल्स मिळत नाहीत. म्हणून तिथे मनात आशाच ठेवू नका.

उमऱ्याला टूरवाल्यांमार्फत जाताना बहुतेक वेळा ग्रुपचं तिकीट असतं. त्याचं अक्षर वेगळं असतं आणि अनेक कार्यक्रमांत ते माइल्सला पात्र नसतं. टूरवाल्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: विमान नक्की कोणत्या कंपनीचं, बुकिंग क्लास कोणता, आणि सामान किती किलो किंवा किती नग. तिसरा प्रश्न माइल्सपेक्षाही महत्त्वाचा आहे. झमझमचा ५ लिटरचा डबा सामानात धरला जातो की वेगळा, तो कसा आणि कुठे पॅक केलेला हवा, याचे नियम कंपनीप्रमाणे बदलतात. तेही त्याच वेळी विचारून घ्या. गोल्ड कार्ड आहे म्हणून डबा आपोआप जाईल असं समजू नका.

स्वतःच्या माइल्सवर आई-वडिलांना उमऱ्याला पाठवायचं अनेकांच्या मनात असतं. मोठी चांगली इच्छा आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या की बक्षीस तिकिटांच्या सीट मोजक्या असतात आणि रमजानमध्ये, शाळांच्या सुट्ट्यांत त्या मिळणं कठीण होतं. तारखा सैल ठेवा, महिने आधी शोधा आणि तिकीट हातात आल्यावरच बाकीचं ठरवा.

खातं उघडल्यावर

नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्यातली माइल्स न मिळण्याची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. शेख एका ठिकाणी एका स्पेलिंगने, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या. मोहम्मद कुठे पूर्ण तर कुठे दोन अक्षरांत. लग्नाआधीचं आडनाव खात्यात आणि नंतरचं पासपोर्टवर. तिकीट आणि खातं जुळलं नाही तर यंत्रणा माइल्स नाकारते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांनी आधी पासपोर्टचंच पाहून घ्यावं. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केला. तिथे प्रश्न माइल्सचा नसून प्रवासाचाच आहे.

सदस्य क्रमांक तिकीट काढतानाच द्या. एजंटाकडून काढत असाल तर त्याला लिहून पाठवा आणि चेक-इनला बोर्डिंग पासवर तो छापून आलाय का बघा. दुसऱ्याच कंपनीचा जुना क्रमांक आलेला असेल तर तिथेच बदलून घ्या.

बोर्डिंग पास आणि ई-तिकीट माइल्स जमा होईपर्यंत फेकू नका. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर तो हरवत नाही, पण हे फक्त घरच्या ग्रुपवर. बाहेर कुठे टाकू नका, त्यावर तुमचा बुकिंग नंबर असतो. माइल्स आले नाहीत तर मागणीसाठी ठराविक महिन्यांचीच मुदत असते. ती निघून गेली की काही करता येत नाही.

तिकिटावर एका कंपनीचा फ्लाइट नंबर आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं, असंही असतं. याला कोडशेअर म्हणतात. प्रत्यक्ष उडवणारी कंपनी अलायन्सबाहेरची असेल तर अलायन्सच्या दर्जाच्या सोयी सहसा मिळत नाहीत आणि माइल्सचे नियमही बदलतात. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरातल्या एका भरवशाच्या माणसाला माहीत असू द्या. अनेक कार्यक्रमांच्या नियमांत माइल्स ही सदस्याची मालमत्ता मानलेली नाही, म्हणून सदस्याच्या इंतकालानंतर ते वारसांना मिळतीलच असं नाही. काही कंपन्या कागदपत्रं दिल्यावर हस्तांतर करतात, काही करत नाहीत. वयस्कर आई-वडिलांच्या खात्यात माइल्स पडून असतील तर ते त्यांच्याच प्रवासासाठी वेळेत वापरणं चांगलं.

किती मागे लागायचं?

माइल्स म्हणजे बचत नव्हे. कंपनी उद्या तिकिटाचा माइल्समधला दर वाढवू शकते, नियम बदलू शकते, कंपनीच बंदही पडू शकते. किंगफिशर २०१२ मध्ये वनवर्ल्डमध्ये येणार होती. ते झालंच नाही आणि त्याच वर्षी तिची विमानं थांबली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. कार्यक्रम पुढे इंटरमाइल्स नावाने चालला, पण ज्यांनी जेटच्या विमानांसाठी माइल्स साठवले होते त्यांची विमानंच राहिली नाहीत. म्हणून तिकिटापुरते माइल्स झाले की वापरून टाका, पुढच्या दहा वर्षांसाठी ठेवू नका.

माइल्स देणाऱ्या क्रेडिट कार्डांची जाहिरात जोरात असते. बिल एकदा जरी थकलं तर त्यावरचं व्याज माइल्सच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त असतं. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या घरांनी तर कार्ड घेण्याआधी अटी नीट वाचाव्यात, वार्षिक फी पाहावी आणि शंका असेल तर आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावं. कार्डाशिवायही, केवळ प्रवासावर खातं चालतं.

आणि सगळ्यात आधी भाडं. सरळ विमान, बरोबर वेळ, पुरेसं सामान आणि परवडणारं भाडं हे चार हिशेब आधी करा. ते जुळल्यावर मिळतील ते माइल्स योग्य खात्यात घ्या. आजच करण्यासारखं काम असेल तर एकच: घरातल्या सगळ्यांची जुनी खाती एका कागदावर लिहून काढा. कंपनी, क्रमांक, शिल्लक, मुदतीची तारीख. ज्या अलायन्समध्ये घराचे सगळ्यात जास्त प्रवास होतात तिथलं एक खातं ठरवा आणि पुढचं प्रत्येक तिकीट त्याच क्रमांकावर काढा. पाच ठिकाणी थेंब थेंब सांडण्यापेक्षा एका ठिकाणी साठलं, तर इन्शाअल्लाह त्यातून घरातल्या कुणाचं तरी तिकीट नक्की निघेल.